दुसरा चौकोन

निशिकांतने खुर्ची डोक्यावर उचलली, तेव्हा मी जेवणाच्या हॉलच्या दुसऱ्या टोकाला चहाचा कप घेऊन उभा होतो. लोखंडी पायांची, प्लॅस्टिकच्या बुडाची शाळेतली खुर्ची. ती त्याने केव्हिन प्राइसच्या तोंडावर घातली. एकदा नाही, दोनदा. पहिल्या घावाला केव्हिनचा ओठ फाटला, दुसऱ्याला तो बाकावरून खाली कोसळला. मग निशिकांत खुर्ची टाकून त्याच्या छातीवर बसला आणि गुद्दे हाणायला लागला. केव्हिनचे दोन मित्र धावले. त्यांनी निशिकांतला केसांना धरून मागे ओढलं आणि खाली पाडून बुटांनी तुडवायला सुरुवात केली. तीनशे पोरं टेबलांवर चढून आरडाओरडा करत होती.

मी कप तिथेच सोडला आणि धावलो. मध्ये घुसताना एक लाथ माझ्या नडगीवर बसली. मीही कुणाच्या तरी कानाखाली वाजवली, कुणाच्या ते आजही मला ठाऊक नाही. शेवटी निशिकांतची कॉलर एका हातात आणि केव्हिनची दुसऱ्या हातात धरून दोघांना वेगळं केलं. केव्हिनचा पुढचा एक दात तुटला होता. निशिकांतच्या भुवईतून रक्त वाहून डोळ्यात उतरत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. तो काउंटरकडे बघत होता.

काउंटरमागे त्याची आई उभी होती. सुलभावहिनी आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होत्या, मुलांना जेवण वाढायच्या. त्यांचा उजवा हात एप्रनच्या आत खुपसलेला होता. डाव्या हाताचं बोट त्यांनी ओठांवर ठेवलं आणि निशिकांतला मान हलवून नाही म्हणून खुणावलं. मी ते पाहिलं. मला वाटलं, बाई लाजेने अर्धी झाली आहे, पोराला सांगते आहे की बाबा रे, आता तरी तोंड उघडू नकोस, झाली तेवढी शोभा पुरे.

हे फेब्रुवारी चौऱ्याऐंशीचं. इंग्लंडच्या मध्यभागातलं कारखान्यांचं एक गाव, आणि त्यातली आमची सरकारी शाळा. मी, गजानन दाभाडे, मूळचा कराडचा. सदुसष्ट साली इथे आलो आणि गणित शिकवायला लागलो. सतरा वर्षांत चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या अख्ख्या वर्गसमूहाचा प्रमुख झालो होतो. तापट म्हणून माझी ख्याती होती आणि मला ती आवडायची. खडू फेकून मारण्यात माझा नेम चुकत नसे. पोरं मला मागून काय म्हणतात हे मला माहीत होतं, पण समोर टाचणी पडली तरी ऐकू यायची.

मार खाऊन मी मोठा झालो, असं मी सगळ्यांना सांगायचो. आमचे शिंगटे मास्तर ओल्या फोकाने पोटऱ्या सोलून काढायचे, आणि त्यामुळेच मला पावकी-दिडकी पाठ झाली यावर माझा ठाम विश्वास. अहो, वडील स्वतः मला शाळेत सोडताना मास्तरांना हात जोडून सांगायचे की याला सोडू नका. आमच्याकडे मास्तरला प्रश्न विचारायची रीतच नव्हती. मास्तर सांगेल ते बरोबर. इथेही मराठी मंडळाच्या गणपतीला जमणारे आमचे लोक मला तसंच मानायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार सुखाचं वाटायचं.

त्याच्या आदल्या वर्षी शाळेने एक कागद काढला होता. इथल्या काही पालकांनी मुलांना छडी मारण्याविरुद्ध पार युरोपच्या कोर्टापर्यंत दाद मागितली होती आणि कोर्टाने त्यांचं म्हणणं मान्य केलं होतं. आमच्या मुख्याध्यापकांना, हार्डिंगसाहेबांना, छडी सोडायची नव्हती आणि भानगडही नको होती. म्हणून त्यांनी प्रत्येक घरी कागद पाठवला. त्यावर दोन चौकोन. पहिल्यात खूण केली तर तुमच्या मुलाला छडी चालेल. दुसऱ्यात केली तर चालणार नाही, त्याला नुसतं पत्र मिळेल किंवा शाळा सुटल्यावर थांबवून घेतील. म्हणजे एकाच वर्गात, एकाच बाकावर, मारायची मुलं आणि न मारायची मुलं.

गोऱ्या पालकांपैकी निम्म्यांनी दुसरा चौकोन धरला. आपल्या लोकांचे कागद येईनात, कारण इंग्रजी वाचणार कोण. मग हार्डिंगसाहेबांनी मला सांगितलं, आणि मी एका रविवारी स्कूटर काढून एकवीस घरं फिरलो. मराठी तीन, बाकी गुजराती आणि पंजाबी. प्रत्येक घरी चहा झाला, आणि प्रत्येक घरी मी पहिल्या चौकोनावर बोट ठेवलं.

वसंत घाडीच्या घरी मात्र जरा वेळ लागला. वसंत म्हणजे निशिकांतचा बाप. मालवणकडचा, आधी बोटीवर खलाशी, मग इथल्या ओतकामाच्या कारखान्यात. दंड माझ्या मांडीएवढे आणि स्वभाव गाईसारखा. त्याने कागद हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. मला विचारलं, पोराला मारतील म्हणून सही करायची, असंच ना सर. मी म्हटलं, मारतील असं नाही रे, पण धाक राहील. आपण नाही का मार खाल्ला? तो नुसता डाव्या कानामागे खाजवत राहिला. तो त्या कानाने कमी ऐकायचा, कारखान्यातल्या आवाजाने असेल असं मला वाटायचं.

सुलभावहिनी आतून भजी घेऊन आल्या. त्या गावी सातवीपर्यंत शिकलेल्या. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण त्यांनी कागद डोळ्यांखालून घातला आणि विचारलं, "हा दुसरा चौकोन कसला?"

"तो गोऱ्यांसाठी आहे," मी म्हटलं.

एवढंच. एका भज्याचा तुकडा तोंडात असताना मी हे बोललो. एकवीस घरं उरकायची होती, आणि समजावत बसलो असतो तर दिवस गेला असता. शिवाय मला खरंच तसं वाटत होतं. लाड गोऱ्यांना परवडतात, आपल्याला नाही. वसंतने पहिल्या चौकोनात खूण केली आणि खाली मराठीत सही केली.

तर आता त्या फेब्रुवारीकडे येतो.

मारामारीनंतर अर्ध्या तासात हार्डिंगसाहेबांनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर दोन कागद होते. केव्हिनच्या बापाने दुसरा चौकोन धरला होता. त्याच्या घरी पत्र जाईल, ते म्हणाले, आणि आता तो दातांच्या डॉक्टरकडे गेला आहे. निशिकांतचा कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला. मग उठून कपाट उघडलं. आत तीन छड्या होत्या, वेताच्या, एका टोकाला वाकवलेल्या. त्यांच्याखाली काळ्या पुठ्ठ्याची जाड वही.

"गॅज, हे तू कर," हार्डिंगसाहेब म्हणाले. गजाननचं त्यांनी गॅज केलं होतं. "मी केलं तर उद्या तुमचे लोक दारात येतील. तू केलंस तर कोणी काही म्हणणार नाही."

इस्टरनंतर उपमुख्याध्यापकाची जागा रिकामी होणार होती. त्यांनी तिचा उल्लेख केला नाही आणि मीही केला नाही. पण त्या शाळेत छडी हातात घेण्याचा अधिकार तिघांनाच होता, आणि चौथा म्हणून मला बोलावलं होतं. मला अभिमान वाटला. आज हे लिहिताना तोंड कडू होतं, पण तेव्हा वाटला तो अभिमानच. मी मधली छडी निवडली.

निशिकांतला आत आणलं. भुवईवर पट्टी होती. घरी तो मला काका म्हणायचा. रविवारी मी मंडळात मराठी शिकवायचो तेव्हा पहिल्या रांगेत बसायचा, आणि 'ळ' म्हणताना त्याची जीभ अडखळली की स्वतःच हसायचा. शाळेत काका म्हणायचं नाही असं मीच त्याला बजावलं होतं.

"खुर्चीने मारलंस का?" मी विचारलं.

"सर, तो..."

"हो की नाही?"

आईचं ते ओठांवरचं बोट त्याला आठवलं असणार, पण ते मला नंतर कळलं. "हो," तो म्हणाला.

"हात पुढे."

त्याने डावा हात पुढे केला. साहेब मागून म्हणाले की अंगठा आत धर, नाहीतर मोडेल. त्याने धरला. मी छडी खांद्यापर्यंत नेली आणि पूर्ण ताकदीने खाली आणली. हवेत आधी एक शिट्टीसारखा आवाज येतो, मग तो दुसरा. तळव्यावर पांढरी रेघ उठली आणि बघता बघता लाल झाली. पोराच्या तोंडून श्वास तेवढा बाहेर पडला. दुसरी बोटांच्या पेरांवर बसली. त्याने मूठ मिटली, मग पुन्हा उघडली. तिसरीला त्याने हात मागे घेतला आणि छडी मनगटाच्या हाडावर लागली. तिथे कातडी फाटली.

"ही धरायची नाही," हार्डिंगसाहेब म्हणाले. हात मागे घेतला तर ती मोजत नाहीत, असा तिथला नियम. शिंगटे मास्तरांचाही हाच नियम होता, आणि मला तेव्हा ते किती घरच्यासारखं वाटलं ते काय सांगू. मी परत मारली. आणि मग आणखी एक. शेवटच्या वेळी तो माझ्याकडे बघत होता. रडत नव्हता. मला त्याचा राग आला आणि ती मी सगळ्यांत जोरात मारली.

"काय म्हणायचं असतं?" साहेबांनी विचारलं.

"थँक यू, सर," निशिकांत म्हणाला.

तो गेल्यावर त्यांनी वही उघडली. तिची पानं शिवलेली होती आणि प्रत्येक पानावर छापील आकडा होता, म्हणजे कोणी पान फाडलं तर लगेच कळावं. तारीख, नाव, किती छड्या, कारण, कोणी दिल्या, साक्षीदार. सत्राच्या शेवटी शाळेच्या समितीचे लोक ती वही तपासायचे. वहीत नोंद नसेल तर छडी मारता येत नाही, असा लेखी नियम. मी लिहिलं, चार छड्या. कारण, मारामारी. साहेबांनी साक्षीदार म्हणून सही केली आणि वही नि छडी दोन्ही माझ्याकडे दिली. आता ही तुझ्या कपाटात ठेव, म्हणाले.

मी त्या दिवशी घरी जाऊन पोटभर जेवलो. बायकोला, कुमुदला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, वसंतभावोजींना तरी आधी कळवायचंत. मी म्हटलं, त्याची सही आहे. आणि बोटं चाटून ताट स्वच्छ केलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी माझ्या खोलीत वह्या तपासत होतो. चार वाजून गेले होते. दार न वाजवता उघडलं. वसंत, त्याच्यामागे सुलभावहिनी, आणि त्यांच्यामागे निशिकांत. वसंत थेट पाळीवरून आला होता, बुटांवर वाळू, तोंडावर काजळी. मी उठलो, या या म्हणालो, खुर्च्या दाखवल्या. कोणी बसलं नाही.

"सर, हिचा हात बघा," वसंत म्हणाला.

वहिनींनी उजव्या हाताचं फडकं सोडलं. बोटांपासून मनगटाच्या वरपर्यंत कातडी सोलून निघाली होती. कुठे पाणी भरलेले फोड, कुठे नुसतं लाल मांस. कशाने भाजलं, मी विचारलं.

वसंतने सांगितलं. आवाज न चढवता, थांबत थांबत, कारण त्याला हे आदल्या रात्रीच पोराकडून कळलं होतं. केव्हिन महिनाभर वहिनींच्या बोलण्याची नक्कल करायचा. त्या वाढताना जे इंग्रजी शब्द बोलायच्या, ते तो नाकात बोलून दाखवायचा आणि रांगेतली पोरं हसायची. काल त्याने काउंटरवरचा गरम कस्टर्डचा जग उचलला आणि त्या हात पुढे करून ताट देत असताना अख्खा जग त्यांच्या हातावर ओतला. सॉरी लव्ह, म्हणाला, इथे वाढणाऱ्या बायका लाडाने म्हणतात तसं. तेही त्यांच्याच आवाजात. वहिनींनी ओरडू नये म्हणून स्वतःची जीभ चावली, आणि हात एप्रनमध्ये घातला. त्या सहा महिन्यांच्या तात्पुरत्या नोकरीवर होत्या, इस्टरला कायम होणार होत्या. आधीच्या पंजाबी बाईने पोरांची तक्रार केली आणि तिला दुसऱ्या आठवड्यात काढलं होतं. म्हणून ते ओठांवरचं बोट.

"मला सांगायचं नाही का?" मी निशिकांतला म्हटलं. आजही त्या वाक्याची मला शरम वाटते.

"मी सांगत होतो," तो म्हणाला. "तुम्ही हो की नाही विचारलंत."

मग वसंत बोलला. कागदाबद्दल. कारखान्यातल्या एका गोऱ्या माणसाने त्याला दुपारी डबा खाताना सांगितलं होतं की दुसरा चौकोन कोणीही धरू शकत होतं. गोरा असो, काळा असो.

"सर, तो दुसरा चौकोन आमच्यासाठी पण होता म्हणे."

"होता," मी म्हटलं.

"मग तुम्ही तसं का नाय सांगितलंत?"

वसंत पुढे आला आणि आपला डावा कान माझ्यासमोर धरला. कारखान्याने नव्हे, म्हणाला. तिसरीत असताना मास्तरांनी पट्टी आडवी घातली होती, कानातून रक्त आलं, पू झाला, आणि तेव्हापासून त्या बाजूने काही नाही. आईबापांनी मास्तरांना काही विचारलं नाही. मास्तरांना कोण विचारणार. म्हणून त्याने पोराला चौदा वर्षांत एक चापट मारली नव्हती. आणि तरी त्याने सही केली होती, कारण सांगणारा मी होतो.

हे सांगताना त्याचा आवाज हळूहळू बदलत गेला. राग आला की तो मालवणीवर यायचा, हे मी ऐकून होतो. कधी पाहिलं नव्हतं.

"खंय आसा ती?" तो म्हणाला.

मी कपाटाकडे बघितलं. त्याने कपाट उघडून छडी काढली. हातात तोलून पाहिली. मला वाटलं आता हा मोडून टाकेल. त्याने मोडली नाही. माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी टेबलामागून बाहेर आलो आणि कोट काढला. माझं मलाच कळत नव्हतं मी काय करतो आहे, पण दुसरं काही करणं शक्य नव्हतं एवढं पक्कं कळत होतं. मी उजवा हात पुढे केला.

"किती दिल्यात?" त्याने विचारलं.

"चार."

"पाच," निशिकांत म्हणाला. "एक धरली नाही."

पहिल्या छडीने मला आंधळं केलं. खोटं नाही, डोळ्यांपुढे खरोखर काही दिसेना. ओतकाम करणाऱ्या माणसाचा दंड होता तो. शिंगटे मास्तरांचा मार मी विसरलो होतो आणि आयुष्यभर त्याचं कौतुक सांगत आलो होतो. मार कसा असतो ते मला त्या एका क्षणात आठवलं. आई आठवते. दुसऱ्या छडीला माझ्या करंगळीचं नख फुटलं. तिसरीला मी ओरडलो. वहिनींनी तोंड फिरवलं. चौथीला माझा गुडघा जमिनीला टेकला, पण हात मी वर धरून ठेवला. वसंत रडत होता. मारत होता आणि रडत होता, काजळीतून पाण्याचे ओघळ येत होते, आणि त्याने पाचव्यांदा छडी वर नेली.

निशिकांतने ती वरच्यावर धरली. सुजलेल्या डाव्या हाताने.

"ही राहू दे, बाबा," तो म्हणाला.

मग मीही रडलो. मोठ्याने, लाज सोडून. वहिनींनी कोपऱ्यातल्या जगमधलं पाणी पेल्यात ओतून डाव्या हाताने माझ्यापुढे धरलं, आणि मी ते प्यायलो.

पुढचं मी केलं ते काय विचाराने केलं कोण जाणे. स्वभाव म्हणा. मी वही काढली. छडी चालली की नोंद झाली पाहिजे. उजवा हात चालत नव्हता म्हणून डाव्या हाताने, पहिलीतल्या पोरासारख्या अक्षरात, निशिकांतच्या नावाखाली माझं नाव घातलं. जी. दाभाडे. छड्या, चार. कोणी दिल्या, व्ही. घाडी. साक्षीदाराच्या रकान्यात निशिकांतला सही करायला सांगितली. तो बापाकडे बघत राहिला, मग त्याने केली.

कारणाचा रकाना उरला. मी पेन धरून तसाच बसलो. इंग्रजीत काय लिहायचं ते सुचेना.

"मी लिहिते," वहिनी म्हणाल्या. त्यांनी पेन भाजलेल्या बोटांत धरलं आणि मराठीत तीन शब्द लिहिले. एकेक अक्षर काढायला त्यांना बराच वेळ लागला. मग फडकं पुन्हा गुंडाळलं आणि तिघं गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही हार्डिंगसाहेबांच्या टेबलावर उघडी ठेवली. त्यांनी वाचलं, माझा फुगलेला हात पाहिला, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. पान फाड, म्हणाले. मी पानावरच्या छापील आकड्यावर बोट ठेवलं. मग ते म्हणाले, खोडून टाक. मी म्हटलं, खोडलेलं दिसेल आणि समिती विचारेल, मग मी सगळं सांगेन, कस्टर्डपासून. केव्हिनच्या बापाला बोलावून घ्या आणि वहिनींच्या हाताची नोंद करा, तर मी गप्प बसतो. सतरा वर्षांत मी साहेबांशी त्या आवाजात पहिल्यांदा बोललो. केव्हिनला दोन आठवडे घरी बसवलं. वहिनी इस्टरला कायम झाल्या.

उपमुख्याध्यापक अर्थातच दुसरा कोणी झाला. आणि ती वही साहेबांनी कपाटात आत सारली ती पुन्हा उघडली नाही. उघडणार कशी? पुढची छडी मारायची तर तिची नोंद माझ्या नावाच्या खाली करावी लागली असती आणि समितीच्या लोकांनी ती ओळ वाचली असती. सत्राच्या शेवटी वही आली नाही, तेव्हा या सत्रात छडी मारलीच नाही, असं त्यांनी समितीला सांगितलं. मग ते दर सत्राला तेच सांगत राहिले, आणि ते पहिलं सत्र सोडलं तर ते खरंही होतं. शहाऐंशीत पार्लमेंटमध्ये एका मताने छडी हरली, सत्त्याऐंशीत कायदा लागू झाला. आमच्या शाळेत तोवर साडेतीन वर्षं कोणाला छडी बसली नव्हती.

त्या फेब्रुवारीतल्या रविवारी मी पुन्हा स्कूटर काढली. एका हाताने हँडल नीट धरता येत नव्हतं. एकवीस घरं, एकवीस वेळा तेच सांगितलं की मी तुम्हाला अर्धंच वाचून दाखवलं होतं. दोन घरांत लोकांनी मला बाहेरच उभं ठेवलं. ते बरोबरच होतं. सतरा जणांनी खूण बदलली.

गेल्या वर्षी गावाच्या दप्तरखान्यातून एका मुलीचा फोन आला. जुन्या शाळा पाडायच्या होत्या, कागद त्यांच्याकडे गेले होते. ती शिक्षेच्या वह्या नोंदवून घेत होती. तुमचं नाव विद्यार्थ्यांच्या रकान्यात आहे, ती म्हणाली, लिहिणाऱ्याची चूक झाली असावी. मी म्हटलं, चूक नाही. मग ती म्हणाली की कारण कुठल्या तरी वेगळ्या लिपीत आहे, ते आम्हाला लावता येत नाही.

"मराठी आहे," मी सांगितलं. "पोराला विचारलं नाही."

पलीकडे ती ते इंग्रजीत टिपून घेत होती. पेनाचा आवाज येत होता.

"कुठल्या मुलाला?" तिने विचारलं.

"त्याच ओळीत शेवटी बघा," मी म्हटलं. "साक्षीदार म्हणून सही आहे ना, त्याला."